पीटरने सांगितलेला पिक्चर

आखातातल्या माबेलाच्या त्या कामगारांच्या खोलीत दर शुक्रवारी, सुट्टीच्या दुपारी पिक्चर लागायचा आणि तो सांगायचा पीटर. वसईचा पीटर कंपनीच्या ऑफिसात होता, इंग्रजी घडाघडा बोलायचा. कुडाळचा रमण बांधकामाच्या परांचीवर काम करायचा आणि इंग्रजीशी त्याचं उभं वाकडं. म्हणून चर्च आटोपलं की पीटर बिर्याणी घेऊन यायचा, लॅपटॉप लावायचा आणि पडद्यावरचं बोलणं मराठीत सांगत जायचा. रमणला पिक्चरपेक्षा ते सांगणंच जास्त आवडायचं.

आज मात्र पीटर बिर्याणीबरोबर आणखीही काही घेऊन आला होता. त्याच्या खिशात रमणचा पासपोर्ट आणि शनिवारचं मुंबईचं तिकीट होतं.

गेल्या महिन्यात रमणच्या जोडीचा बाबामियाँ परांचीवरून पडून मेला. सेफ्टीचा पट्टा दिला होता, त्यानेच बांधला नाही, असं कंपनी म्हणत होती. साफ खोटं! पट्टे फक्त तपासणीला बाहेर निघत, एरवी स्टोअरमध्ये कुलपात. त्या सकाळी पट्टा मागणाऱ्या बाबामियाँला सुपरवायझरने हाकललं, त्याचा व्हिडिओ रमणच्या मोबाईलमध्ये होता. रविवारी, आठवडा सुरू होताच, रमण तो लेबर ऑफिसात दाखवणार होता. नाहीतर बाबामियाँच्या बायकोला, रहिमाला, भरपाई मिळणार नव्हती.

"रमणला रविवारच्या आधी घरी पाठव," कंपनीचे साहेब पीटरला म्हणाले होते. "तुझा व्हिसापण रिन्यूला आलाय." पीटरची लेक नॅटली दहावीत होती. साहेबांना आवाजही चढवावा लागला नाही.

पिक्चर जुना, काळा-पांढरा. युद्धातला म्हणून पीटरने आणला, तर तो निघाला युद्धानंतरच्या जर्मनीतला. छावणीत माणसं मारणारा एक अधिकारी नाव बदलून बडा कारखानदार झालेला. त्याला ओळखणारा एकच माणूस उरलेला, तो कोर्टात सांगणार. पण पोलीस, डॉक्टर, घरमालकीण, सगळे आतून मिळालेले. रमण सरकून पुढे बसला.

मग त्या माणसाला रोज पाव आणून देणारा दोस्त आला. "मला माफ कर," तो इंग्रजीत म्हणाला. "मलाही बायकापोरं आहेत. ते खाली उभे आहेत."

ते मराठीत सांगायचं सोडून पीटर बिर्याणीची ताटं आवरू लागला.

"काय म्हणता तो?" रमणने विचारलं.

"म्हणतोय... पळ. कोर्टाचं सोड, जीव वाचव."

केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, हे पीटरला बोलता बोलताच कळलं. तरी तो थांबला नाही. पडद्यावर माणसं जिना चढून आली आणि त्या साक्षीदाराला घेऊन गेली.

"बघ," पीटर म्हणाला, "ऐकलं नाही दोस्ताचं."

रमण पडद्याकडे बघत म्हणाला, "दोस्त बरो होतो रे त्याचो."

पीटरने तिकीट पुढे केलं. रमण चिडला असता तर बरं झालं असतं. त्याने तिकीट घेतलं, मोबाईलमधलं व्हिडिओचं मेमरी कार्ड काढलं आणि पीटरच्या हातात दिलं.

"मी जातंय. पण रहिमाक मी शब्द दिलंय. ह्या तू दाखव. तुका इंग्रजी येता, तुझा ते आयकतले."

रविवारी सकाळी ऑफिसात साहेबांनी त्या व्हिडिओसाठी हात पुढे केला. पीटरने कार्ड त्यांच्या तळहातावर ठेवलं आणि बाहेर आला. फोन वाजला. रमणने त्याचा नंबर रहिमाला देऊन ठेवला होता.

"दाखवलंत का, भाऊ?" तिने विचारलं.

"हो," पीटर म्हणाला.