डाव्या बाजूचे वजन

गाडीला चार पाटे, म्हणजे पोलादी पट्ट्यांच्या कमानी, होते. पुढच्या दोन पाट्यांत सहा-सहा पट्ट्या, मागच्या दोन्हींत सात-सात, अशा एकूण सव्वीस. त्यांतल्या बावीस धड आणि चार मोडलेल्या. मोडलेल्या चारांपैकी एक उजव्या मागच्या पाट्यातली आणि तीन एकट्या डाव्या मागच्या पाट्यातल्या. सुलभाने गाडीखाली गोणपाट अंथरून, पाठीवर झोपून, टॉर्चच्या उजेडात दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा तेवढेच भरले. बाहेर येताना तिने डाव्या दाराच्या कप्प्यातही हात घातला. तिथे एक अडकित्ता, पाच सुपाऱ्या आणि एक कंगवा निघाला. मोजून तिने ते सगळे होते तसे परत ठेवले.

"डावीकडच्या तीन गेल्यात," ती पदराने हात पुसत म्हणाली.

"वाटलंच होतं," नीळकंठ म्हणाला.

कुणामुळे गेल्या ते त्याने सांगितले नाही, आणि तिला विचारायची गरजही नव्हती.

खामगावच्या एका जिनिंग फॅक्टरीचा गोरा मॅनेजर मायदेशी परत गेला, तेव्हा त्याची ही हिरवी, दोन आसनांची, बुटकी विलायती गाडी नीळकंठ वकिलाने घेतली. सगळ्या बुलढाण्यात तशी दुसरी नव्हती. गाडी घरी आली आणि चार महिन्यांनी सुलभा लग्न होऊन आली. अन्नपूर्णाबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, आल्यागेल्याला गमतीने सांगत, "आमच्या सुनेला सवत आधीपासूनच होती. पण गरीब आहे, चारा मागत नाही."

सासूबाई चुकत होत्या. गाडीचा सुलभाला मुळीच राग नव्हता. उलट तिला ती आवडायची. अमरावतीला बी.एस्सी.ला पदार्थविज्ञान घेऊन पहिल्या वर्गात आलेल्या मुलीला अशी गाडी न आवडून कसे चालेल? तिचे दुखणे गाडीत नव्हते, गाडीच्या डाव्या आसनात होते. तिथे मार्तंड बसायचा.

मार्तंड मूळचा साखरखेर्ड्याचा, नीळकंठचा शाळेपासूनचा मित्र, आणि आता बुलढाण्यात लाकडाच्या वखारीत मॅनेजर. धिप्पाड, गोरा, तोंडाने सैल. संध्याकाळी कचेरी सुटली की तो फाटकातूनच ओरडायचा, "काय बे निळू, येतोस का मरतोस?" आणि नवरा चहा अर्धा टाकून उठायचा. मग दोघे राजूर घाटात जाऊन यायचे. परत येताना हसण्याचा आवाज गाडीच्या आवाजाआधी घरात पोचायचा. दोन वर्षांत सुलभा त्या आसनावर तीनदा बसली होती. एकदा देऊळगाव राजाला बालाजीच्या दर्शनाला, एकदा दवाखान्यात, आणि एकदा नुसतीच, फाटकापासून चौकापर्यंत. चामड्याला मार्तंडच्या पाठीचा खळगा पडला होता आणि वरच्या कडेवर त्याच्या तेलाचा डाग होता. त्या खळग्यात ती बसली की दोन्ही बाजूंना जागा उरायची. परक्याच्या चपला घालून चालल्यासारखे वाटायचे.

मार्तंड वाईट असता तर बरे झाले असते. पण तो "वहिनी, वहिनी" म्हणत वखारीतून तिच्यासाठी चंदनाची ढलपी आणायचा आणि तिच्या हातच्या भरल्या वांग्यांची जाहीर स्तुती करायचा. अशा माणसावर जळण्यात काही शोभा नव्हती. सुलभा जळत होतीच.

म्हणून पाटे बदलायची वेळ आली आणि नीळकंठ आपणहून म्हणाला, "सुलभा, तुझं फिजिक्स काढ जरा. पट्ट्या किती घालायच्या, केवढ्या जाड, ते तू ठरव," तेव्हा तिला केवढा आनंद झाला! दोन वर्षांत पहिल्यांदा त्याने तिला भाजीत मीठ किती याखेरीज काही विचारले होते.

त्या संध्याकाळी ओसरीवर तिघे बसले. नीळकंठची तक्रार अशी, की घाटाच्या वळणावर गाडी झुकते आणि मोरीवरून जाताना बुड आपटते. मार्तंडकडे उपाय तयार होता.

"भंगारात जीपचे पाटे पडलेत. ते ठोक. जाड आहेत, जन्मभर हलायचे नाहीत."

"हलले पाहिजेत ना, भाऊजी," सुलभा म्हणाली. "पट्टीची जाडी दुप्पट केली की ती आठपट ताठ होते. जीपची दीडपट जाड आहे, म्हणजे तिपटीहून जास्त ताठ. गाडी झुकणार नाही, पण प्रत्येक खडा दातांत वाजेल."

"दात माझे आहेत, वहिनी. तुम्ही कशाला काळजी करता?"

नीळकंठ खो खो हसला. तिच्या आठपटीत त्याला काही गंमत वाटली नव्हती, मार्तंडच्या दातांत वाटली. सुलभाने ते हसणे नीट ऐकून घेतले.

तिने ठरवले ते असे: पट्ट्या मूळच्याच जाडीच्या, पण नव्या, चिखलीच्या मोतीराम मिस्त्रीकडून ट्रकच्या पोलादातून घडवून घ्यायच्या. नीळकंठने नागपूरहून आणलेले नळीचे शॉक ॲब्सॉर्बर चारही चाकांना लावायचे, म्हणजे झुकणे पाट्याने नाही तरी त्यांनी आवरेल. आणि दोन्ही बाजूंना किती पट्ट्या ते बसणाऱ्याच्या वजनावर सोडायचे, कारण एवढ्या हलक्या गाडीत माणूस हेच मोठे ओझे.

"उजवीकडे तुमचे पासष्ट किलो धरते," ती म्हणाली. मार्तंड तेव्हा हात धुवायला मागे गेला होता. ती क्षणभर थांबली. "डावीकडे किती धरू?"

नीळकंठ दुसऱ्या दिवशीच्या दाव्याचे कागद चाळत होता. त्याने मान वर केली नाही.

"अठ्ठ्याहत्तर. परवाच वखारीच्या काट्यावर चढला होता लेकाचा."

"बरं," सुलभा म्हणाली.

तिने दोन हिशोब केले. अठ्ठ्याहत्तर किलोला डाव्या मागच्या पाट्यात सात पट्ट्या येत होत्या. चव्वेचाळीस किलोला पाच.

चिखलीला जायच्या दिवशी सकाळी ती नेसून तयार झाली, तर नीळकंठ फाटकाशी घुटमळत होता. "तू एस.टी.नं ये. वाटेत पाटा बसलाच तर ढकलायला माणूस लागेल ना."

"मी ढकलते."

"वेडी आहेस का?" तो म्हणाला, आणि मार्तंडने आत बसून दार ओढून घेतले.

एस.टी.ने त्यांना हातणी गावाच्या अलीकडेच गाठले. गाडी बैलगाडीच्या चालीने रांगत होती. खिडकीतून सुलभाला ती वरून दिसली: उघडी, हिरवी, डाव्या अंगाला लवलेली. मार्तंडचा हात बाहेर होता आणि तो काहीतरी सांगत होता, नवरा डोके मागे टाकून हसत होता. शेजारची म्हातारी म्हणाली, "पाय वं माय, कशी चालून राह्यली! लंगड्या बकरीवानी." सुलभाने ऐकून न ऐकल्यासारखे केले. धुरळ्यात गाडी मागे पडली. ज्या गाडीचे आकडे आपल्या डोक्यात आहेत तिला आपण वरून, तिकीट काढून पाहतो आहोत, या विचाराने तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

मोतीराम मिस्त्रीचे दुकान मेहकर रस्त्यावर होते. बाहेर ट्रक उभे, आत भट्टी. नीळकंठ आणि मार्तंड पोचले, गाडी सोपवली आणि तहसिलीत कुणाला तरी भेटायला निघून गेले. आकडे सांगायला सुलभा एकटी उरली. तिने खडू मागितला आणि पत्र्याच्या दारावर लिहिले. पुढे दोन्हीकडे सहा. मागे उजवीकडे सात. मागे डावीकडे...

तिचा हात थांबला नाही. पाच.

मोतीरामने दाराकडे पाहिले, मग तिच्याकडे.

"बाई, डावीकडं पाचच? काऊन?"

"हिशोब तसाच येतो."

"येत असन. पन कोन बसनार हाये तिथं? ते भाऊ तं चांगले पोत्यावानी हायेत."

सुलभाने खडू खाली ठेवला. तिने खोटे सांगितले नव्हते, एवढेच तिने स्वतःला सांगितले.

"मले काय," मोतीराम म्हणाला. "तुमी सांगान तसं करतो. पन मंग मह्या नावानं बोंबलू नका."

दुपारपर्यंत पट्ट्या तापल्या, ठोकल्या गेल्या, तेलात विझल्या. प्रत्येक पट्टीला बाक देऊन मोतीराम ती खालच्या पट्टीवर ठेवून फट पाहायचा. "एक सूत," तो म्हणायचा, म्हणजे इंचाचा आठवा भाग, आणि पुन्हा हातोडा घालायचा. सुलभा एका पालथ्या लोखंडी टपावर बसून सगळे पाहत होती. यू-बोल्ट आवळले गेले, शॉक ॲब्सॉर्बरच्या नव्या नळ्या लागल्या, गाडी जॅकवरून उतरली. रिकामी असताना ती अगदी समतल उभी होती.

दोघे मित्र परत आले, बसले आणि मेहकरच्या दिशेने निघून गेले. सुलभा रस्त्याकडे पाहत उभी राहिली. पहिली मोरी दुकानापासून दिसत होती. गाडी तिच्यावरून गेली आणि आवाज इथपर्यंत आला. ठक्.

थोड्या वेळात ते परतले. मार्तंड कमरेला हात लावून उतरला.

"वहिनी, तुमच्या गणितानं माझ्या माकडहाडाचा निकाल लावला! प्रत्येक मोरीला डावीकडचा आस वरच्या रबरी ठोकळ्यावर आपटतो. उजवीकडे निळू कसा, पाळण्यात बसल्यासारखा!"

नीळकंठला हसू येत होते. "जाऊ दे रे. कॉलेज सोडून दोन वर्षं झाली तिला. थोडं इकडेतिकडे व्हायचंच."

सुलभाला गप्प बसता आले असते. चूक झाली म्हटले असते तर सगळे हसून मिटले असते. घरी गेल्यावर सासूबाईंनाही ती गोष्ट सांगितली गेली असती: आमच्या बी.एस्सी.चे गणित! पण मत्सर लपवायला ती तयार होती, पहिला वर्ग गमवायला नाही.

"गणित बरोबर आहे," ती म्हणाली.

"अगं, पण रबर आपटतंय ना!"

"वजन वेगळं धरलंय."

"किती?"

"चव्वेचाळीस."

नीळकंठने कपाळाला आठ्या घातल्या. तो खरोखरच आठवत होता.

"चव्वेचाळीस किलोचा कोण आहे आपल्यात?"

मोतीराम भट्टीकडे वळला आणि विनाकारण कोळसे उकरू लागला. सुलभा नवऱ्याकडे बघत राहिली. मार्तंडला आधी कळले. त्याच्या तोंडावर पहिल्यांदाच काही विनोद आला नाही. त्याने आसनाकडे पाहिले, आसनातल्या खळग्याकडे पाहिले, आणि घसा साफ केला.

"दोन पट्ट्या वाढव, मोतीराम," तो म्हणाला. "तासाभराचं तर काम."

कळले होते, आणि तरी त्याने पुरत्या दोन मागितल्या. सुलभाला आता आपल्या जळण्याची लाज वाटेना. इतके दिवस ती एकटीच जळते असे तिला वाटत होते.

"साहेब?" मोतीरामने विचारले. "वाढवू?"

आता नीळकंठलाही कळले होते. त्याचे कान लाल झाले. कोर्टात तो तडजोडीसाठी प्रसिद्ध होता. भावाभावांचे, बांधाचे, विहिरीच्या पाण्याचे दावे त्याने दोन्ही पक्षांना निम्मे निम्मे देऊन मिटवले होते. त्याने बायकोकडे पाहिले, मग मित्राकडे, मग दोघांकडेही न पाहता चाकाकडे.

"एक," तो म्हणाला.

"एक?" मार्तंड म्हणाला. "म्हणजे मी अर्धा उतरू का काय वाटेत?"

कुणी हसले नाही.

मोतीरामने पट्टी भट्टीत घातली. लाल झाल्यावर ऐरणीवर धरून त्याने विचारले, "बाक किती देऊ? भरून दिला तं या भाऊले जमन."

नीळकंठने खिशातून रुमाल काढला, हात पुसले, रुमाल परत ठेवला.

"थोडा कमीच दे," तो हळू आवाजात म्हणाला.

हातोडा पडला. मार्तंड बाहेर जाऊन ट्रकच्या सावलीत उभा राहिला. सुलभा पुन्हा टपावर जाऊन बसली.

सहावी पट्टी बसली, बोल्ट आवळले गेले. नीळकंठ स्टिअरिंगमागे बसला. मोतीरामने सुलभा आणि मार्तंड दोघांना आळीपाळीने डावीकडे बसवले आणि दर वेळी मागच्या दोन्ही चाकांजवळ, आसापासून रबरी ठोकळ्यापर्यंत, लोखंडी पट्टी लावून अंतर पाहिले. उजवी बाजू दोन्ही वेळा सारखीच भरली. तिच्या मानाने डावी बाजू, सुलभा बसली तेव्हा, दोन सूत वर. मार्तंड बसला तेव्हा, तीन सूत खाली. एका सुताचा फरक सुलभाच्या बाजूने.