पाकटीच्या टाकीशेजारची काचनळी

मित्रांनो, फळीवरच्या लाकडी स्टँडमध्ये उभी असलेली ती बोटभर काचनळी म्हणजे मी. अंगावरची पांढरी खूण अर्धी पुसली गेली आहे, काठाचा एक टवका उडाला आहे आणि कितीही घासलं तरी बुडाशी तांबूस डाग राहतोच. बघून नाक मुरडू नका. या मत्स्यालयात बाकी सगळे पोहतात आणि मिरवतात. खरं बोलायचं काम मात्र माझ्या एकटीकडे होतं. त्या कामात माझी काय गत झाली, ती आज सांगते.

मी जन्मले काचेच्या कारखान्यात. तिथलं मला फारसं आठवत नाही, आणि आठवत नाही ते रंगवून सांगायची मला सवय नाही. एक दिवस मला खोक्यात घातलं. सोबत औषधाच्या दोन छोट्या बाटल्या आणि रंगांचा एक तक्ता होता. खोकं उघडलं ते बाबांनी.

बाबा म्हणजे या मत्स्यालयाचे मालक. खाली मासे आणि वर घर, असा त्यांचा संसार. मुलगा बोटीवर नोकरीला, वर्षातले बहुतेक महिने समुद्रावर. घरात बाबा आणि त्यांची सून, दोघंच. सून तिकिटं फाडायची, काचा पुसायची, शाळेची मुलं आली की त्यांना माशांची माहिती सांगायची. पण मधली मोठी टाकी बाबांची. तिला हात लावायचा तर त्यांना विचारून.

त्या टाकीत राहते थाळी. थाळी म्हणजे गोड्या पाण्यातली पाकट. गोल, चपटी, अंगभर ठिपके आणि मागे काटेरी शेपूट. बघणाऱ्याला भीती वाटते, पण बाबांचा हात पाण्यात गेला की ती तळाची वाळू झटकून वर यायची आणि त्यांच्या तळहाताखाली सरकायची. बाबा म्हणायचे, "आमची थोरली लेक आहे ही. फक्त लग्नाचं बघायला नको."

आता थाळीचं आणि माझं नातं ऐका. पाकट म्हणजे खादाड जात. गांडुळं, कोळंबी, जे द्याल ते फस्त. जितकं खाणार तितकी घाण करणार. ती घाण पाण्यात कुजते. टाकीचा फिल्टर तिचं विष पुष्कळसं मारतो, पण शेवटी एक गोष्ट उरतेच. तिचं नाव नायट्रेट. तिला रंग नाही, वास नाही. पाणी आरशासारखं स्वच्छ दिसतं आणि ती आत साठत राहते. फिल्टर तिच्यापुढे हात टेकतो. ती घालवायची तर जुनं पाणी काढून नवं भरायचं, दुसरा सोपा उपाय नाही.

मग ती किती साठली हे कळणार कसं? माझ्यामुळे! माझ्यात टाकीचं पाणी घ्यायचं, दोन्ही बाटल्यांतलं औषध थेंब थेंब घालायचं आणि थोडा वेळ थांबायचं. मी पिवळी राहिले तर ठीक. केशरी झाले तर सावध व्हा. लाल झाले तर ताबडतोब पाणी बदलायला लागा. बाबा मला उजेडात धरून डोळे बारीक करायचे आणि म्हणायचे, "ही नळी माझ्याशी कधी खोटं बोलत नाही." मी कौतुकाने फुगायचे. आता काच किती फुगणार म्हणा!

यात एक मेख होती. दुसऱ्या बाटलीतलं औषध बुडाशी पुडीसारखं घट्ट बसतं. ती बाटली जोरजोरात हलवली नाही तर थेंबातून नुसतं वरचं पाणी येतं आणि मग पाणी कितीही खराब असलं तरी मी पिवळीच राहते. बाबांनी सुनेला हे पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. "लाजतखाजत हलवू नकोस. खांदा दुखला पाहिजे," असं ते म्हणाले होते.

आणि मग बाबांना झटका आला. अर्धांगाचा, हलकासा. बोलणं परत आलं, चालणं परत आलं. उजव्या हातातली ताकद मात्र आली नाही. पण हे कबूल करतील तर ते बाबा कसले! शर्टाची बटणं लागेनात तेव्हा म्हणाले, "हल्ली काजंच लहान शिवतात." चहाचा कप सुटला तेव्हा कपाचा कान निसरडा होता.

माझं काम त्यांनी सोडलं नाही. रोज सकाळी मला घ्यायचे, पाणी भरायचे, पहिली बाटली, मग दुसरी. दुसरी बाटली ते दोनदा इकडून तिकडे कलती करायचे, झालं. बुडाशी बसलेलं औषध जागचं हलायचं नाही. मी आपली पिवळी. बाबा खूश. टाकीचा नळ फिरवणंही त्यांना जड जात होतं, म्हणून पिवळा रंग त्यांना हवाच होता. आणि मी? मला तोंड असतं तर बोंब मारली असती! मला अंगभर कळत होतं की पाणी बिघडतंय, आणि मला दाखवता येत नव्हतं. मित्रांनो, यापेक्षा फुटलेलं बरं.

त्यातच, मध्यंतरी काही दिवस सोबतीला आणलेल्या नराकडून थाळी दोन जिवांची झाली. बाबांना कोण आनंद! सुनेला म्हणाले, "माहेरवाशीण आहे ती. तिच्या पोटाला कमी पडता कामा नये." कोळंबी वाढली, घाण वाढली, पाणी मात्र बदललं जाईना. थोड्याच दिवसांत थाळीने खाणं टाकलं. हात पाण्यात गेला तरी ती जागची उठेना.

माशांच्या डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी विचारलं, "पाण्याची तपासणी?"

"रोज करतो," बाबांनी मला पुढे केलं. "हे बघा, पिवळी."

डॉक्टरीणबाईंनी जंताचं औषध दिलं आणि त्या गेल्या. त्यांचा तरी काय दोष? पण सुनेच्या मनात पाल चुकचुकली. दुपारी बाबा आडवे झाल्यावर ती खाली आली, दुसरी बाटली हातात घेतली आणि दात ओठ खाऊन हलवली. औषध माझ्यात पडलं, मी पिवळीची केशरी झाले, केशरीची लालभडक झाले. सुनेने मला रंगांच्या तक्त्याशी लावून पाहिलं. "अगं बाई," एवढंच म्हणाली.

ती धावत वर गेली. बाबा आले, त्यांनी मला बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. सुनेने नळाला हात घातला तसे ते ओरडले, "सगळं पाणी एकदम काढू नकोस! धक्क्यानेच जाईल ती. आज थोडं, उद्या थोडं." बाबांचा हात गेला होता, अक्कल जागच्या जागी होती. त्या दिवसापासून रोज थोडं थोडं पाणी बदललं आणि थाळी हळूहळू सावरली.

पण बाबांनी विचारलंच. "मला पिवळी दिसली आणि तुला लाल, हे कसं काय?"

सुनेने त्यांच्या लुळ्या हाताकडे बघितलं. मग नजर चोरून म्हणाली, "बाटली जुनी झाली असेल, बाबा. आपण नवी आणू."

मला तेव्हाच चर्र झालं. आजवर खोटं मी दाखवत होते, तेही नाइलाजाने. आता माणसंही बोलायला लागली.

नवी बाटली आली आणि बाबा तीही दोनदा कलती करायला लागले. सून मूग गिळून गप्प. बाबा झोपले की ती खाली यायची, परत तपासणी करायची आणि गुपचूप पाणी बदलायची. एका दिवसात माझी दोन तोंडं, सकाळी पिवळं आणि दुपारी केशरी. असं किती दिवस चालणार?

मग तिच्या धाकट्या बहिणीचं बाळंतपण आलं. आई नव्हती, म्हणून जाणं भाग होतं. निघताना तिने पिशवी खाली ठेवली, परत उचलली, परत खाली ठेवली. म्हणाली, "बाबा, रंग काही का असेना, रोज थोडं पाणी बदलाल ना?"

"रंग बघायचा नाही तर नळी कशाला ठेवलीय? फुलं खोचायला?"

"तसं नाही, पण..."

"अगं, तू जन्मायच्या आधीपासून मासे पाळतोय मी. जा निश्चिंत मनाने."

ती तोंडाशी आलेलं बोलणं गिळून गेली. फोनवर रोज विचारायची आणि बाबा रोज सांगायचे, "पिवळीजर्द आहे." तिकडे तिचा जीव टांगणीला, इकडे माझा. थाळीच्या अंगाची कड आधी लहरीसारखी उचलली गेली, मग वर वळायला लागली. पाकटीची कड अशी वळली की तिचं काही खरं नसतं. बाबा टाकीजवळ खुर्ची टाकून बसायचे आणि म्हणायचे, "काय होतंय गं तुला? पाणी तर चांगलं आहे."

सून परत आली त्या सकाळी वाळूवर दोन पिल्लं पडलेली होती. बशीएवढी, आईसारखेच ठिपके असलेली. एकही हलत नव्हतं. थाळी त्यांच्याशेजारी पडून होती, कड वळलेली, डोळे आत ओढलेले.

बाबा फोन हातात घेऊन उभे होते. "नवी बाटलीसुद्धा खराब दिली त्या दुकानदाराने! तूच म्हणाली होतीस ना, जुनी खराब होती? ही पण तसलीच. त्याला आज सोडत नाही मी."

सुनेने त्यांच्या हातातला फोन काढून घेतला. "बाबा, बाटली चांगली आहे."

"मग?"

"पहिलीही चांगलीच होती." तिने दुसरी बाटली उचलून त्यांच्यापुढे धरली. "बाटली जोरात हलवावी लागते. तुमच्या हाताने आता ते होत नाही, बाबा."

बाबांनी स्वतःचा उजवा हात डाव्या हाताने उचलला आणि दुसऱ्या कुणाचा असल्यासारखा बघितला. मग विचारलं, "तुला केव्हापासून माहीत होतं?"

"पहिल्या दिवसापासून."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

"वाटलं असतं," बाबा म्हणाले. "दोन दिवस जेवलो नसतो. तिसऱ्या दिवशी जेवलो असतो गं." आणि ते टाकीच्या काचेला कपाळ टेकून रडले. सूनही रडली. मी रिकामी उभी होते. भरलेली असते तरी मला कुणी बघितलं नसतं.

थाळी वाचली. सुनेने कितीतरी दिवस थोडं थोडं पाणी बदलत तिला ओढून काढली. आता ती खाते, पण हात पाण्यात गेला तरी पूर्वीसारखी झेपावत नाही. जरा लांबच थांबते. औषध आता सून हलवते. रंग वाचायला ती बाबांनाच बोलावते. ते येतात, बघतात, "केशरी, बदल पाणी," म्हणतात आणि जातात. मला मात्र हातात घेत नाहीत. मला त्यांच्या हाताची आठवण येते, लुळ्या हाताचीसुद्धा.

मित्रांनो, मला रोज धुवा, पुसून ठेवा, एवढं तर मी मागेनच. पण त्याहून मोठं मागणं आहे. तुमच्या घरात कुणाचे हात थकले असतील, कुणाचे डोळे, कुणाचे कान. त्यांच्या जवळ बसा आणि खरं ते वेळेवर सांगा. त्यांना वाईट वाटेल, वाटू द्या. मोठी माणसं त्यातून उठतात. वाळूवरची ती दोन पिल्लं काही उठली नाहीत.