सीरम वाळेपर्यंत

हुस्नाबानोच्या चेहऱ्याचं गुपित एका वाक्यात सांगता आलं असतं, पण ते वाक्य तिला चारचौघींत उच्चारता येत नव्हतं. हुस्नाबानो दुपारी झोपायची.

झोपायची म्हणजे घटकाभर डोळा लागायचा असं नव्हे. जोहरची, म्हणजे दुपारची नमाज झाली की ती दाराला कडी घाली, खिडकीवर जाड चादर टाकी, गादी अंथरी आणि उन्हं कलल्यावरची असरची अजान कानावर पडेपर्यंत घोरत पडे. लेक जोया पोटात असताना डॉक्टरनं दुपारची विश्रांती सांगितली होती. सासू डॉक्टरला फार भ्यायची, म्हणून तिनं ती सक्तीनं करवली. पुढे जोया जन्मली, मोठी झाली, सासू अल्लाघरी गेली, पण तो हुकूम मागे घ्यायचं कुणाच्या लक्षात आलं नाही आणि हुस्नाबानोनंही तो विषय काढला नाही. नवरा रऊफ सकाळी डबा घेऊन दुकानात जाई आणि दिवेलागणीला परत येई. वाशीमच्या बाजारात त्याचं जडीबुटी, मसाले आणि गुलाबजलाचं दुकान होतं. बायको दिवसभर घरात राबत असणार असं तो धरून चालला होता, आणि भला माणूस असल्यामुळे त्याला त्याचं वाईटही वाटायचं.

या झोपेनं व्हायचं ते झालं. पन्नाशी उलटली तरी हुस्नाबानोच्या कपाळावर एक आठी नव्हती. डोळ्यांखाली काळं नाही, गाल कसे ताजे. मोहल्ल्यातल्या तिच्या बरोबरीच्या बायका मात्र वाळवणाला घातल्यासारख्या सुकून गेल्या होत्या.

जोयाच्या लग्नात हे प्रकरण अंगाशी आलं. मुलाकडची एक फुफी, म्हणजे आत्या, हॉलमध्ये हुस्नाबानोजवळ आली आणि म्हणाली, "तुम्ही जोयाची मोठी बहीण का?" बस्स, तेवढंच पुरलं. बिर्याणीची ताटं बाजूला ठेवून बायकांनी तिला घेरलं. सगळ्यांत पुढे होती मेडशी गावची तुळसाबाई. तिचा नवरा बबनराव सोयाबीनवाला शेतकरी, रऊफच्या दुकानाचं जुनं गिऱ्हाईक, त्यामुळे दोन्ही घरांचं येणंजाणं होतं.

"भाभी, खरं सांगा," तुळसाबाई म्हणाली, "तोंडाले काय लावता व तुमी?"

आता काय सांगणार? त्या घोळक्यातली एकेक बाई पहाटे उठून, घरदार आवरून, म्हशीचं, पोरांचं, नवऱ्याचं करून लग्नाला आलेली. त्यांच्यात उभं राहून 'मी दुपारी झोपते' म्हणायचं, म्हणजे आपल्या हातानं आपलं नाक कापून घेणं. हुस्नाबानोला लेकीच्या मोबाईलमधला एक शब्द आठवला.

"सीरम," ती म्हणाली. "घरीच करतो."

कशाचं करता, तर जवसाचं. जवस पाण्यात उकळायचं, त्याचा चिकट गर गाळायचा, त्यात कोरफड, गुलाबजल आणि चमचाभर ग्लिसरीन. यातलं बरंच रऊफच्या दुकानात होतं, म्हणून तोंडाला आलं. बायकांनी माना डोलावल्या. एवढ्यावर निभावलं असतं. पण तुळसाबाईला काहीतरी आठवलं.

"म्हणून तुमचं दार दुपारी बंद असते काय? मी मागं आलती तं किती ठोकलं, पण तुमी उघडलंच नाई!"

हुस्नाबानोच्या पाचावर धारण बसली. पण खोटं एकदा बोलायला लागलं की माणसाला सुचतही जातं.

"तेच तं! ते लावलं की अंधारात उताणं पडावं लागते. वाळेपर्यंत बोलाचं नाई, उठाचं नाई, चुलीपाशी तं जाचंच नाई. तोंड हललं की तिथंच सुरकुती पडते."

"किती वेळ लागते वाळाले?"

"असरपर्यंत."

जवस ऐकताना कुणी तोंडात बोट घातलं नव्हतं. कोरफड तर सगळ्यांच्याच दारात होती. पण हे पडून राहण्याचं निघालं आणि सगळा घोळका चिडीचूप झाला. हुस्नाबानोला वाटलं, पकडले गेले. पण बायका एकमेकींकडे पाहत होत्या.

"मले एक बाटली करून द्या," तुळसाबाई म्हणाली. मग सगळ्याच म्हणाल्या.

दुसऱ्या आठवड्यापासून बायका थेट रऊफच्या दुकानात येऊन सीरम मागू लागल्या. रऊफनं घरी येऊन कपाळाला हात लावला. "हुस्ना, एवढी मोठी गोष्ट तू माह्यापासून लपवली?" त्याला राग नव्हता, अभिमान होता, आणि तो जास्त महागात पडतो. त्यानं बाटल्या आणल्या. जोयाच्या लग्नातला हुस्नाबानोचा हसरा फोटो मोठा करून दुकानाच्या दारात टांगला, बारीक करून बाटल्यांवर चिकटवला, आणि खाली छापलं: 'घरगुती सीरम, वय विसरा'.

आणि इथून हुस्नाबानोचे दिवस फिरले.

जवसाचा गर नखरेल असतो. पाणी उकळून उकळून अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार धरू लागलं की तिथल्या तिथं, हात पोळत असताना मलमलीतून गाळून घ्यावा लागतो. जरा थंड होऊ दिला की कापडात असा बसतो की पिळून पिळून मनगटं सुटतात, पण थेंब खाली येत नाही. शिवाय चार दिवसांत आंबतो, म्हणजे सतत ताजा करा. सकाळ डब्यात आणि धुण्याभांड्यांत जायची, संध्याकाळ रऊफच्या आणि पाहुण्यांच्या चहात. मोकळी होती ती फक्त दुपार.

तेव्हा भर उन्हाळ्यात, डांबर पातळ व्हायच्या वेळेला, मेडशीपासून वाशीमपर्यंत कितीतरी बायका अंधाऱ्या खोल्यांत तोंडाला सीरम लावून गपगार पडलेल्या असत, आणि ज्या बाईनं त्यांना झोपवलं ती शेगडीपुढे उभी राहून घाम पुसत जवस ढवळत असे. झोपेनं तिचे डोळे मिटायचे. एकदा तर ढवळता ढवळता डुलकी लागली आणि पळीचा चटका बसला. तिला मनापासून रडू आलं. पण रडायला तरी वेळ कुठे होता? गर थंड होत होता.

सीरमचा गुण मात्र खरोखरच आला. बायकांचे चेहरे उजळले. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली, चिडचिड गेली. कुणाची डोकेदुखीही गेली, जिचा सीरमशी काडीचा संबंध नव्हता. रऊफला वाटलं जवस, बायकांना वाटलं गुलाबजल, निदान त्या तसं म्हणत तरी होत्या. झोपेचं नाव कुणीच काढलं नाही.

इकडे हुस्नाबानोचं तोंड उतरत चाललं. कपाळावर आठ्या आल्या, गाल बसले, डोळे कायम तारवटलेले. एकदा रऊफचा विसरलेला डबा द्यायला ती दुकानात गेली, तर गिऱ्हाईक म्हणून आलेली एक नवी बाई दारातल्या फोटोकडे बोट दाखवून तिलाच म्हणाली, "ही तुमची पोरगी काय?"

"पोरगी कायची? हीच हाय ना ते," रऊफ कौतुकानं म्हणाला.

बाईनं फोटो पाहिला, हुस्नाबानो पाहिली, आणि हातातली बाटली हळूच काउंटरवर ठेवून ती निघून गेली.

त्या रात्री रऊफ जेवता जेवता म्हणाला, "हुस्ना, तू सोता लावून नाई राह्यली काय?"

"लावतो ना," हुस्नाबानो म्हणाली. दुसरं काय म्हणणार? लावत नाही म्हणावं तर सीरम खोटं, लावते म्हणावं तरी हे तोंड पाहून सीरम खोटंच. तिनं ठरवलं, आता हे बंद करायचं. खरं सांगून टाकायचं, नाक गेलं तरी चालेल. तिला तिची दुपार परत हवी होती.

सुरुवात तिनं तुळसाबाईपासून केली. तुळसाबाई एसटीनं आली होती, गावातल्या बायकांच्या बाटल्या न्यायला. काय दिसत होती! गालांवर तजेला, चालण्यात झोक. हुस्नाबानोच्या पोटात दुखलं, पण ती बोलली.

"तुळसाबाई, माफ करा. या बाटलीत काई नाई. मी तं हे कधी लावलंबी नाई तोंडाले. मी दुपारी झोपत होती, नुसती झोपत होती. आता हे करणं मी बंद करून राह्यली."

तुळसाबाई उठली. आता ही चिडून जाणार, असं हुस्नाबानोला वाटलं. पण तुळसाबाईनं आधी दार लोटून घेतलं आणि जवळ येऊन बसली.

"हळू बोला व माय," ती म्हणाली. "कोणी आयकन ना."

"म्हणजे तुमाले मालूम होतं?"

"पयल्याच हप्त्यात. तुमची ते पयली बाटली चार दिवसांत आंबली. जास्वंदीच्या बुडाशी ओतून देल्ली मी. तवापासून तोंडाले नुसतं पानी लावून झोपतो, तरी पाहा तोंड."

"मग नवी बाटली कायले नेता?"

"भरेल बाटली दिसाले नको घरात?" तुळसाबाई हसली आणि तिनं पदरानं तोंड पुसलं. आता ती हसत नव्हती. "भाभी, लगन होऊन आली तवापासून दुपारी पाठ नोती टेकली मी. बाळंतपणात टेकली असन तेवढीच. 'झोपतो जराशी' म्हटलं असतं ना, तं घरानं डोक्यावर घेतलं असतं. आता 'सीरम लावलं' म्हनतो, तं मालक सोताच पंखा लावून देते. चहा करून पेते सोताच्या हातानं. पावना आला तं अंगणात बसवून सांगते, हळू बोला, आतमंदी सीरम वाळून राह्यलं."



"बंद नोका करू," तुळसाबाईनं तिचा हात धरला. "आमच्या गावच्या साऱ्या बाया उठून बसतीन हो."

ती बाटल्यांची पिशवी घेऊन एसटीला गेली. हुस्नाबानो पुन्हा शेगडीपाशी गेली. आपण खोटं सांगून बायकांना फसवलं म्हणून ती इतके दिवस जिवाला खात होती, आणि फसलं होतं कोण, तर सगळे नवरे आणि ती स्वतः. बायकांना तिनं जे दिलं होतं ते तिचं स्वतःचंच होतं, आणि देताना तिनं घरात जराही शिल्लक ठेवलं नव्हतं. सासूच्या वेळचा तो हुकूम अजून कुणी रद्द केलेला नाही, हे तिला तेव्हा आठवलं. मोडला होता तो तिनंच.

दुसऱ्या दिवशी तिनं डबा दिलाच नाही. जेवायला घरी या म्हणून फोन केला. रऊफ उन्हातून आला, जेवला, तृप्त होऊन लोडाला टेकला. शेगडीवर जवस रटरटत होतं. हुस्नाबानो नमाज आटोपून आरशापुढे बसली आणि कालच्या उरलेल्या सीरमचा जाड थर तिनं कपाळापासून हनुवटीपर्यंत थापला.

"हे काय?" रऊफ म्हणाला.

"बाटलीवर कोणाचा फोटो हाय, जोयाचे अब्बा?"

"तुया."

"मंग तोंड नको जपाले? लोकं दुकानातून परत जाऊन राह्यले, तुमीच पाह्यलं ना? आजपासून मी दोन्हीकडं नाई पुरणार. लावनं माहं, गाळनं तुमचं." ओठ शक्य तितके कमी हलवत ती म्हणाली, "गरम असतानाच गाळा. आता माह्यासंगं बोलू नका, सुरकुती पडते."

धंद्याचंच बोलणं होतं ते, त्यामुळे रऊफला उलट बोलता येईना. तो मुकाट्यानं उठून शेगडीपाशी गेला. हुस्नाबानोनं आतल्या खोलीत जाऊन कडी घातली, खिडकीवर चादर टाकली आणि गादीवर उताणी पडली. सीरम कानामागे ओघळत होतं, कातडी ओढत होतं, नाकाच्या शेंड्याला खाजवत होतं. असलं चिकट लचांड आपण एवढ्या बायकांच्या गळ्यात मारलं, हे तिला आजच कळलं. पण पाठीला गादी लागली होती.

बाहेरून आवाज आला. "हुस्ना! कपडा कुठी हाय गाळाचा?"

कापड त्याच्या पाठीमागच्या खुंटीवरच होतं. तिला सांगता आलं असतं.

"अगं हुस्ना! हे घट्ट होऊन राह्यलं ना! खाली उतरूनच नाई राह्यलं!"

सीरम अजून वाळायचं होतं. हुस्नाबानो कुशीला वळली आणि तिला झोप लागली.