आठ किलोत बसेल तेवढं

ज्याला बॅग भरता येत नाही त्याला सरकारने पासपोर्ट देऊ नये, असं गेर्लोफ वीर्डाचं ठाम मत होतं. ते त्याने सरकारला दोनदा पत्राने कळवलंही होतं. दुसऱ्या पत्राला उत्तर आलं, की आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. गेर्लोफने ते उत्तर फाइलला लावलं. फाइलवर 'प्रगतिपथावर' असं लिहिलेलं होतं.

त्याचा अधिकारच तसा होता. छत्तीस वर्षं तो डेल्फझाइलच्या बंदरात जहाजांत माल कुठे आणि कसा लावायचा याचे आराखडे काढत होता. नियम सोपा. जो माल शेवटच्या बंदरात उतरायचा तो तळाशी, पहिल्या बंदरातला वर. त्यामुळे कुठल्याही जहाजाचा आराखडा नुसता पुढे टाकला, तरी गेर्लोफ कॉफीचा कप न ठेवता सांगायचा, की हे जहाज कुठे कुठे थांबणार, किती दिवसांनी परतणार. "कप्तान खोटं बोलतो," तो नव्या पोरांना सांगायचा. "माल बोलत नाही."

मग तो निवृत्त झाला. जहाजं गेली आणि घर उरलं. त्याने स्वयंपाकघरातल्या बरण्या उंचीप्रमाणे लावल्या, नंतर वजनाप्रमाणे, नंतर पुन्हा उंचीप्रमाणे. रुल्फीनने भांडी धुण्याच्या यंत्रात कपबश्या लावल्या, की हा तिच्यामागून जाऊन सगळं बाहेर काढायचा आणि परत लावायचा. चार कप जास्त बसायचे. पहिली तीन वर्षं रुल्फीन भांडली. गेल्या पानगळीपासून ती भांडेनाशी झाली. गेर्लोफला वाटलं, चला, पटलं एकदाचं.

आज ती बहिणीकडे निघाली होती. टीनी लग्न करून नॉर्वेत स्टाव्हांगरला गेली, त्यालाही तीस वर्षं झाली होती. चार दिवसांचा प्रवास, तिकीट स्वस्तातलं, म्हणून विमानात हातातली एकच बॅग चालणार. पंचावन्न बाय चाळीस बाय वीस. वजन आठ किलो, वर एक ग्रॅमही नाही. दुसरा कुणी वैतागला असता. गेर्लोफचे डोळे चमकले.

सकाळची कॉफी झाल्यावर दोघं वर गेली. बॅग पलंगावर आ वासून पडली होती. बाहेर मे महिना संपत आला होता, पण आभाळ बांधावर टेकल्यासारखं खाली आलं होतं आणि वारा पडला होता. त्या भागात वारा कधी पडत नाही. पडला, की कुत्रीसुद्धा घरात येऊन बसतात.

"तू भरणार, की मी भरू?" रुल्फीनने विचारलं.

"हे विचारतेस?"

"नाही, विचारलं आपलं. मी देते, तू लाव."

तिने पहिल्यांदा कपाटातून हिवाळ्याचा लोकरीचा कोट काढून दिला.

"मे महिना आहे, रुल्फीन."

"नॉर्वे आहे, गेर्लोफ."

हे खरंच होतं. त्याने कोटाची बाही आत दुमडली, गुंडाळी केली, गुडघ्याने दाबून तिच्यातली हवा काढली आणि ती तळाशी बसवली. एवढा कोट लांबट पावाएवढा झाला. रुल्फीनने कौतुकाने मान हलवली. गेल्या कित्येक महिन्यांत तिने त्याच्या कुठल्या कामाला मान हलवली नव्हती, त्यामुळे तो जरा फुशारलाच.

मग तिने उन्हाळी सपाता दिल्या.

"कोट पण आणि या पण? चार दिवसांत दोन ऋतू पाहणार तू!"

"टीनीकडे हवेचा काही नेम नसतो."

सपाता बाजूच्या भिंतींना उभ्या लागल्या. मग जुना चष्मा आला. नवा नाकावर होताच. मग जाड तपकिरी पाकीट.

"यात काय?"

"कागद."

"कसले?"

"सपाट. मावतील ना?"

सपाट म्हटल्यावर पुढचं काही विचारायचं सुचलंच नाही त्याला. सपाट वस्तू म्हणजे माल लावणाऱ्याला देवाचं देणं. पाकीट त्याने पाठीच्या बाजूला सरकवलं. त्यावर तिच्या वळणदार अक्षरात 'जन्मदाखला, पेन्शन, दाताचे फोटो' असं लिहिलेलं होतं. ते त्याने वाचलं, आणि उलटी बाजू गुळगुळीत असल्याने अक्षरांची बाजू आत केली.

त्यानंतर तिच्या आईचा चांदीचा साखरेचा चमचा, मोज्यात गुंडाळलेला. तो सपातेच्या पोकळीत असा बसला, जणू सपात त्याच्यासाठीच शिवली होती. टीनीसाठी खारट ज्येष्ठमधाच्या गोळ्यांच्या तीन पिशव्या. दोन सदरे, एक पायजमा. हार्मच्या, म्हणजे त्यांच्या मुलाच्या, लहानपणचा एक फोटो चौकटीतून काढलेला. चौकट भिंतीवर तशीच होती, आत वॉलपेपर दिसत होता.

"चौकट नको नेऊ म्हटलं, वजन होतं," ती म्हणाली.

"शहाणी आहेस," गेर्लोफ म्हणाला. त्या थंड मुलखात पाली नसतात, नाहीतर एखादी नक्की चुकचुकली असती.

तेवढ्यात खाली घंटा वाजली. दारात शेजारची आफ्के उभी होती, हातात केक भाजायचं भांडं घेऊन.

"हे काय आहे?" तिने विचारलं.

"भांडं."

"ते मला दिसतंय. तुझ्या बायकोने काल संध्याकाळी आणून दिलं. अठ्ठ्याण्णव साली नेलं होतं माझ्याकडून. मी विसरले होते, गेर्लोफ! तेव्हा माझा नवरा होता! ती आजारी आहे का?"

"नाही. बहिणीकडे चाललीय, चार दिवस."

"चार दिवसांसाठी कुणी सव्वीस वर्षांचं भांडं परत करतं का?"

"व्यवस्थितपणा आलाय तिच्यात," गेर्लोफ म्हणाला. "मीच लावला."

आफ्केने त्याच्याकडे असं पाहिलं, जसं लोक बंद पडलेल्या रेल्वेफाटकाकडे बघतात. "तुझं वजन वाढलंय," ती म्हणाली. "आणि डोकं कमी झालंय." भांडं काखेत मारून ती गेली.

तिकडे माणसं अशीच बोलतात. घर केवढ्याला घेतलं, मूल का नाही, इतका कसा सुटलास, हे सगळं तोंडावर विचारतात आणि वर कॉफी पाजतात. तेव्हा वर जाऊन बायकोला एक प्रश्न विचारणं गेर्लोफला अवघड नव्हतं. तीन शब्दांचा प्रश्न. पण जिन्याकडे वळण्याऐवजी तो जिन्याखालच्या संडासात शिरला आणि त्याने कडी लावली.

आता, त्या देशात प्रत्येक घरच्या संडासात वाढदिवसांचं कॅलेंडर असतं. त्यावर साल नसतं, वार नसतात. नुसते महिने आणि तारखा. एकदा लावलं की जन्मभर पुरतं. माणूस बसला, की समोर सगळा गोतावळा. वीर्ड्यांकडचं कॅलेंडर रुल्फीनने लग्नाच्या वर्षी लावलं होतं, तिच्या बारीक अक्षरातलं, मेलेल्यांवर छोट्या फुलीच्या खुणा केलेलं. गेर्लोफला ते चष्म्याशिवाय वाचता यायचं नाही. गरजही नव्हती. कुणाचा वाढदिवस कधी, हे रुल्फीन सांगायची आणि तो कार्डावर सही करायचा.

आज समोर नवं कोरं कॅलेंडर होतं. अक्षर ठसठशीत, मोठं, बिनचष्म्याचं. प्रत्येक नावापुढे काहीतरी लिहिलेलं.

'१२ जून – आफ्के. फुलं नेऊ नकोस, शिंका येतात.'

त्याने पान उलटलं. 'जुलै – कुणी नाही.' पुढचं. '३ ऑगस्ट – हार्म. फोन कर. नोकरीचं विचारू नकोस, तोच सांगेल.' पुढचं. '१९ सप्टेंबर – तू. केकचं आफ्केला सांग, भांडं तिच्याकडे आहे.'

बाहेर कुठेतरी एक सीगल ओरडला आणि गप्प झाला. गेर्लोफने ऑक्टोबर उलटला. पुढचं पान उलटायला त्याला वेळ लागला.

'५ नोव्हेंबर – रुल्फीन. कार्ड आठवडाभर आधी टाक. इकडे पोचायला वेळ लागतो.'

एका छपराखाली राहणाऱ्या बाईला कुणी पोस्टाने कार्ड पाठवत नाही. हे कळायला छत्तीस वर्षं बंदरात काढावी लागत नाहीत. तळाशी हिवाळ्याचा कोट होता. तळाशी काय असतं, हे त्यानेच शेकडो पोरांना शिकवलं होतं. आणि तो कोट त्यानेच, गुडघ्याने दाबून, हवा काढून, तिथे बसवला होता. दुसऱ्या कुठल्या नवऱ्याला हे सगळं एका बॅगेत मावलंच नसतं. दुसऱ्या कुठल्या बाईला निदान दोन फेऱ्या कराव्या लागल्या असत्या.

तो कडी काढून वर आला. रुल्फीन पलंगाच्या कडेला बसली होती, अंगात प्रवासाचं जाकीट, हात मांडीवर. बारा-चाळीसच्या गाडीला अजून पाऊण तास होता.

"कोण होतं?"

"आफ्के."

"काय म्हणाली?"

"माझं वजन वाढलंय म्हणाली."

"खरंय ते."

त्याने बॅगेची चेन लावली. कशाला ताण पडला नाही, कुठे फुगवटा आला नाही. मग त्याने खिशातला वजनकाटा काढला, त्याचा हूक बॅगेच्या मुठीत अडकवला आणि बॅग उचलून धरली. काट्यावर आकडे थरथरले, थांबले. सात किलो चारशे.

"आठ किलो दोनशे," गेर्लोफ म्हणाला.

आयुष्यात त्याने बायकोला वाढदिवस विसरल्याबद्दल थापा मारल्या होत्या, सरकारला कराबद्दल मारल्या होत्या. पण वजन कधी चुकीचं सांगितलं नव्हतं. घर इतकं शांत होतं, की खालचं घड्याळ वरपर्यंत ऐकू येत होतं.

"दोनशे जास्त आहे," तो म्हणाला. "काहीतरी मागे ठेवावं लागेल."

त्याचा हिशोब सरळ होता. मागे राहिलेल्या मालासाठी जहाजाला परत यावं लागतं. चमचा ठेवेल. फोटो ठेवेल. निदान पाकीट तरी.

रुल्फीनने बॅगेकडे पाहिलं, मग त्याच्याकडे पाहिलं, बराच वेळ. मग ती उठली, बॅगेचा बाहेरचा लहान कप्पा उघडला आणि त्यातून चाव्यांचा जुडगा काढला. घराची, मागच्या खोपटाची, सायकलच्या दोन, आणि एक जी कशाची हे कुणालाच माहीत नव्हतं. जुडगा तिने त्याच्या तळहातावर ठेवला आणि त्याची बोटं मिटवली.

"आता बघ," ती म्हणाली.

त्याने बॅग पुन्हा उचलली. सात किलो दोनशे.

"आठ," तो म्हणाला. "बरोबर आठ."

"सकाळी तू पाव आणायला गेला होतास ना," रुल्फीन शांतपणे म्हणाली, "तेव्हा हे सगळं चादरीत बांधून मी तुझ्याच काट्यावर मोजलं. रिकाम्या बॅगेचं धरून सात-चारशे होत होतं."

गेर्लोफच्या हातात बॅग तशीच लटकत राहिली.

"मग चाव्या का काढल्यास?"

"तू विचारलंस म्हणून."

"मी कुठे काय विचारलं?"

"विचारलंस की. तुझ्या पद्धतीने. आता एकदा माझ्या पद्धतीने विचार, बाबा. एकदाच."

त्याने बॅग पलंगावर ठेवली. काटा काढला, त्याचा हूक आत दुमडला, काटा खिशात घातला. चाव्या दुसऱ्या हातात टोचत होत्या.

"परत येणार आहेस?"

"नाही," रुल्फीन म्हणाली. कॉफीत दूध हवं का विचारल्यावर म्हणावं, तसं. आवाज चढला नाही की उतरला नाही. फक्त जाकिटाचं वरचं बटण तिने लावलं, काढलं, आणि पुन्हा लावलं.

खाली घड्याळात बाराचे ठोके पडायला लागले. दोघांनीही ते सगळे ऐकून घेतले.

"सात किलो दोनशे आहे," गेर्लोफ शेवटी म्हणाला. "अजून आठशे ग्रॅमची जागा आहे. आणखी काही न्यायचं असेल तर... मी बसवून देतो."

रुल्फीनने खोलीभर नजर फिरवली. कपाट, खिडकी, भिंतीवरची रिकामी चौकट, आणि गेर्लोफ.

"असू दे," ती म्हणाली. "थोडी मोकळी असू दे."

त्याने मान हलवली आणि बॅग उचलली. जिन्यावरून उतरताना त्याला जाणवलं, की बॅगेत काहीतरी किंचित हलतंय.