पडलं, पडलं

ऑफिसच्या कामाने डोकं आंबलं की मी घरी स्वतःसाठी एखादा प्रोग्राम लिहीत बसायची. ना साहेब, ना मुदत. याहून मोठं सुख मला ठाऊक नाही. आमच्या बालिक पुलाउ गावच्या बागेत डुरियन, म्हणजे फणसासारखं काटेरी फळ, पिकलं की आपोआप पडतं. ते ऐकायला मी झाडाला माइक बांधला. धप्प झालं की माझ्या मोबाइलवर निरोप: ‘पडलं.’

चाचणीसाठी पप्पांनी झाडाखाली पाय आपटला आणि प्रोग्राम साफ फसला. म्हातारा काय खूश झाला! मग रोज दुपारी ते दोनदा पाय आपटायचे. ‘पडलं. पडलं.’ म्हणजे मला हाक: आ हुन, भात वाढलाय, ये.

हंगाम संपला आणि पप्पा गेले. मी त्या प्रोग्रामला हात लावणंच सोडलं. एके दुपारी, झाडावर एक फळ नसताना, मोबाइल वाजला. ‘पडलं. पडलं.’

अंगावर सर्रकन काटा आला. दुसऱ्या दिवशी तेच. मा उठली आणि तिने टेबलावर पप्पांसाठी तिसरा वाडगा मांडला.

“मा, यंत्र बिघडलंय.”

“जेवू दे की त्यांना. तुझं काय जातंय?”

त्या वाडग्यातला भात रोज गार व्हायचा. दुपारची भीतीच बसली.

शेवटी चूक शोधायला प्रोग्राम उघडला. ‘कुठे लपलायस रे मेल्या?’ शोधता शोधता जुनी नशा चढली. आणि सापडलं! वीज जाऊन आल्यावर यंत्र चाचणीच्या अवस्थेत सुरू झालं होतं; पप्पांच्या पायाचा साठवलेला आवाज रोज त्याच वेळी स्वतःलाच ऐकवत होतं. चाचणीची ती सोय काढायला मीच विसरले होते. मी चक्क टाळी वाजवली.

दारात मा उभी होती.

“म्हणजे ते नव्हते?”

“नाही, मा.”

तिने तिसऱ्या वाडग्यातला भात पातेल्यात परत टाकला. मला माझ्या टाळीची लाज वाटली.

चूक दुरुस्त केली. दुसऱ्या दिवशी मन रमवायला नवीनच काही लिहायला घेतलं, तंद्री लागली. मोबाइल वाजला.

‘पडलं. पडलं.’

चाचणी तर बंद होती. अनवाणी बागेत धावले.

झाडाखाली मा उभी होती, खोडाला धरून, दुखरा गुडघा चोळत.

“कधीचा भात वाढलाय,” ती खेकसली. “ते रोज कसे आपटायचे कोण जाणे. चल आता.”