वाफ्यावरचं पांघरूण

मृगाला पंधरा दिवस होते आणि माझा पाय घरात ठरत नव्हता. कुकर लावला की खिडकीशी, कपडे घडी करायला घेतले की पुन्हा खिडकीशी. पाचव्या मजल्यावरून खालचे आमचे तीन वाफे पायपुसण्याएवढे दिसतात, पण त्यांच्यावरचा पाला जरा सरकला तरी मला कळतं. नवरा म्हणतो, "पोरांवरसुद्धा एवढा पहारा नव्हता तुझा." नव्हता. पोरं तहान लागली की बोंबलायची तरी.

परळची आमची चाळ जाऊन टॉवर झाला तेव्हा मागच्या भिंतीलगतची पट्टी बिल्डरने डेब्रिज टाकून तशीच सोडली होती. ती मी चार वर्षांपूर्वी उपसून एका वाफ्यात मोगरा, एकात अनंत आणि मधल्यात अळू लावलं. उन्हाळ्यात पाणीकपात असते, त्यामुळे बागेला दिवसाला दोनच बादल्या मिळतात. त्यावर वैशाख निभतो तो फक्त पांघरुणामुळे. नाक्यावरच्या रसवाल्याकडून उसाचं चिपाड आणायचं, वाळवायचं, बदामाच्या पाल्याबरोबर चार बोटं जाड पसरायचं, बुंध्यापासून वीतभर दूर. दर दोन दिवसांनी दबलेलं उकरून मोकळं करायचं, विरलं असेल तिथे नवं घालायचं. खाली माती गार राहते आणि गांडुळं सुखात असतात. हे सगळं मी सेक्रेटरी गुरुदत्त यांना तीनदा समजावून सांगितलं होतं.

"दर्शनाताई, मला तरी तो कचराच दिसतो," ते म्हणाले. "रविवारी कमिटी बघायला येईल. जागा स्वच्छ नसेल तर पेव्हर ब्लॉक बसवून टाकू."

घरी येऊन मी भांडी आपटली. सासरे सगळं ऐकत होते. अण्णांचं आयुष्य गिरणीत गेलं, पण मन अजून मालवणच्या शेतात आहे, आणि माझं पांघरूण त्यांना पहिल्यापासून बघवत नसे. "पालो असो पसरून कोण ठेवता गो?" असं ते दर उन्हाळ्यात विचारत आणि मी दर उन्हाळ्यात कानाआड करत असे.

शनिवारी दुपारी खुरपं आणायला मी दादरला गेले. परतले तर गेटपाशीच धुराचा वास. मी पिशवी टाकून धावले.

अण्णा भिंतीशी उकिडवे बसले होते, हातात खराटा. तिन्ही वाफ्यांवरचा पाला मधल्या वाफ्यात ओढून, वर ढेकळं रचून, गावी भाताची रोपं टाकायच्या आधी जमीन भाजतात तसा त्यांनी राब भाजला होता. आणि विझवायला दोन्ही बादल्या ओतल्या होत्या.

"कमिटीक कचरो नको मां? भाजून टाकलंय," ते खुशीत म्हणाले. "मिरगाआधी भाजूकच होया. तरवो कसो जोरात येता मग!"

"अण्णा, हे भाताचं शेत आहे का?" मी किंचाळलेच. "खाली गांडुळं होती माझी! अळूचे कंद होते! कोणी सांगितलं होतं तुम्हाला?"

 त्यांनी खराटा भिंतीला टेकवला आणि ते वर गेले. मी राखेत हात घातला. भाजलेल्या शेवयांसारखी गांडुळं हाताला लागली आणि मला रडू फुटलं. एक-दोन नाही, ओंजळभर निघाली.

रविवारी कमिटी आली. राख त्यांना काळी माती वाटली. "बघा, मनावर घेतलं की होतं!" गुरुदत्त म्हणाले. "बाग राहू दे. फक्त पाला पुन्हा दिसता कामा नये."

म्हणजे मी जिंकले होते. दहा वाजता बादली ओतली, अकराला माती कोरडी. बाराला मोगऱ्याच्या कळ्यांनी माना टाकल्या. असे अजून चौदा दिवस काढायचे होते. अण्णा कालपासून माझ्याशी बोलले नव्हते, सकाळी जेवायलाही बसले नव्हते. मी खिडकीशी गेले, आत आले, परत गेले.

दुपारी बघितलं तर वाफेच दिसेनात. तिथे निळं-तांबडं काहीतरी पसरलं होतं आणि अण्णा त्याच्या कडांवर दगड ठेवत होते. लिफ्टची वाट न बघता मी जिन्याने उतरले.

ती अण्णांची गोधडी होती. हिच्याशिवाय त्यांना झोप लागत नाही, मला ती धुवायलाही देत नाहीत. कात्रीने तिचे तीन तुकडे केले होते, मोगरा आणि अनंताच्या बुंध्यांसाठी मधे भोकं पाडली होती. मी कोपरा उचलला. खाली उसाचं चिपाड, चार बोटं जाड, बुंध्यापासून वीतभर दूर. म्हणजे चार वर्षं म्हातारा नुसतं नाक मुरडत नव्हता.

"कोणी इचारल्यान तर सांग, म्हाताऱ्याची गोधडी सुकता हा," ते माझ्याकडे न बघता म्हणाले.

"आणि भोकं?"

"तां सांगू नको."

मला हसू आलं आणि कालच्या आरडाओरड्याची लाजही वाटली. तसं त्यांना सांगायचं सोडून मी दुसरी बादली उचलली आणि मधल्या वाफ्यावर कलती केली. अण्णांनी पटकन माझं मनगट धरलं.

"हळू वोत गो. खाली एखादां जितां आसतलां."