उलटा तंबू

निरोपाला काय हवं, असं विचारल्यावर जाऊबाई म्हणाल्या, "भाषण नको, फुलं नकोत, भिंतीवरचं घड्याळ तर मुळीच नको. मला एकदा तंबूत झोपायचंय."

शिलाईखात्यातली मशीनं क्षणभर थांबली. हसावं की काय करावं ते कुणालाच कळेना, कारण बाई खरं बोलत होत्या. आमचा कारखाना तंबूंचा. जाऊबाईंनी सव्वीस वर्षं तिथं तंबू शिवले, मी एकोणीस. आणि आमच्यापैकी एकीनंही कधी तंबूत पाठ टेकलेली नव्हती.

मालकांनी तीन तंबू काढून दिले. रंगात फरक पडला म्हणून दुकानात न गेलेले, पण बाकी धडधाकट. शनिवार-रविवार गाठून आम्ही सातजणी डोंगरावरच्या जंगलातल्या तळावर निघालो. सातजणी म्हणजे सहा बायका आणि कटिंग मास्तर. मास्तरांना बायकांत मोजलेलं चालतं, इतक्या वर्षांत सवय झालीय त्यांना.

जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांची बायको. मी लग्न होऊन घरात आले तेव्हा सासूबाईंनी मला स्वयंपाकघर दाखवलं आणि जाऊबाईंनी शिलाई मशीन. माझ्या हातात जे काही आहे ते त्यांनी घातलेलं. दीर गेले त्याला आता सात वर्षं होतील. येत्या बुधवारी त्या मुलीकडे राहायला जाणार होत्या, कायमच्या. दोन दिवसांचा प्रवास, आणि डोळ्यांची जी तऱ्हा झालीय ती पाहता परत येणं काही व्हायचं नव्हतं. त्यांना कडेचं सगळं दिसतं, पण जिथं बघावं नेमकं तिथंच धुरकट डाग. चष्म्यानं जाणारा नव्हे.

बस पायथ्याशी सोडून गेली. वाट चढायला लागलो तसं झाडांनी आमचे आवाज पिऊन टाकायला सुरुवात केली. आधी मास्तरांचा खोकला गेला, मग पावलं गेली, उरला फक्त रेडिओचा आवाज. रेडिओ हे आम्ही पाडलेलं नाव, ती माझ्या पलीकडच्या मशीनवर बसते. सकाळी सुरू झाली की सुट्टीच्या भोंग्यापर्यंत बंद नाही. एका वळणावर तिनं मला मागं ओढलं आणि आवाज हळू केला. म्हणजे तिच्या मानानं हळू. दरीतल्या पाखरांनी ऐकलंच असणार.

"बुधवारी जायच्यात ना त्या? दीड वर्ष झालं गं, माझ्याशी एक अक्षर नाही. आधी डब्यातलं अर्धं मला द्यायच्या. मी असं काय केलं? तू घरातली, तू विचार ना. जायच्या आधी एकदा कळू तरी दे."

"विचारते," मी म्हटलं.

विचारायचं कशाला, मला ठाऊकच होतं.

दोनेक वर्षांपूर्वी जाऊबाईंच्या टिपा वाकड्या पडायला लागल्या. त्या म्हणायच्या, दिवा मंद आहे. मी काही बोलले नाही. जेवणाच्या सुट्टीत त्या हात धुवायला गेल्या की त्यांच्या ढिगातला तंबू ओढायचा, वाकडी टीप उसवायची, परत घालायची आणि होता तसा ठेवायचा. चार महिने हे चाललं. मग मला ताप आला, मी आठ दिवस घरी, आणि त्या आठ दिवसांतला माल तसाच बाहेर गेला. पावसात गळून परत आला. सुपरवायझरनं मला एकटीला बोलावून विचारलं, "ही शिवण कुणाची?" मी दमले होते. सांगून टाकलं. दुसऱ्या दिवशी जाऊबाईंना मशीनवरून उठवून घड्या घालायच्या टेबलावर बसवलं.

त्याच सकाळी रेडिओ सुपरवायझरच्या खोलीतून बाहेर पडताना त्यांनी पाहिली होती. ती बिचारी पंखा बंद पडल्याची तक्रार घेऊन गेलेली. पण जाऊबाईंनी मनात काय ते ठरवून टाकलं, आणि मी त्यांना ठरवू दिलं.

तळावर पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं. उंच झाडांच्या मधे गवताचं एक गोल मैदान, कडेनं ओढा, बाकी काही नाही. रखवालदार म्हाताऱ्यानं जागा दाखवली आणि दगडावर बसून आमची गंमत बघत राहिला. आम्ही झोकात तंबू उभे केले. काठ्या सरसर गेल्या, खुंट्या बसल्या. मास्तरांनी दोन पावलं मागं होऊन कमरेवर हात ठेवले.

"तंबू उलटे आहेत," रखवालदार म्हणाला.

"काहीतरीच काय," मास्तर म्हणाले.

"मग खिसे बाहेर कशाला? पाखरांना वस्तू ठेवायला?"

आम्ही नीट पाहिलं. खिसे बाहेर, शिवणीवरच्या पट्ट्या बाहेर, कारखान्याची चिठ्ठी बाहेर फडफडतेय. आता आमचंही ऐका. कारखान्यात तंबू तपासतात तो उलटा करूनच. शिवणी वर दिसायला नकोत? आम्ही जन्मभर तंबू पाहिला तो असा, आतडी बाहेर काढलेला. सात माणसं, शंभरावर वर्षांचा अनुभव, आणि एकालाही त्यात काही वावगं दिसलं नव्हतं.

"तुम्ही कामं काय करता?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"बिस्किटांच्या कारखान्यात आहोत," मास्तर ताबडतोब म्हणाले.

जाऊबाई एवढ्या हसल्या की त्यांना खाली बसावं लागलं. "राहू द्या असेच," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "सुलट बाजू कायम गिऱ्हाइकांनी पाहिली. आज आपण तिच्या पोटात झोपू."

संध्याकाळी शेकोटीवर बटाटे भाजले. जाऊबाई रेडिओकडे पाठ करून बसल्या होत्या, इतक्या सफाईनं की नवख्या माणसाला वाटावं, त्यांना झाडं बघायचीत. रेडिओ आणखी जोरात बोलत राहिली. मग जाऊबाई आणि मी लहान तंबूत शिरलो. पांघरूण ओढता ओढता जाऊबाईंनी माझा हात चाचपला आणि म्हणाल्या, "सगळ्या कारखान्यात एक तूच माझ्या बाजूची होतीस."

मी झोपेचं सोंग घेतलं. सोंग घेता घेता झोप लागली असावी, कारण पुढचं मला आठवतं ते थेट पहाटेचं.

पहाटे जग नव्हतं. धुकं असं उतरलं होतं की तंबूच्या कापडापलीकडे काहीच उरलं नसावं. वर फिकट हिरवा उजेड. कापडाची चकचकीत बाजू आमच्याकडे, त्यामुळे आपण आत असून बाहेरच आहोत असं वाटत होतं; म्हणजे तंबू आपल्या जागी, आणि आपण त्याच्या बाहेर कुठंतरी हिरव्या पाण्यात तरंगतोय. झाडांवरून थेंब पडत होते. एक पडला की खूप वेळानं दुसरा. मला माझे पाय दिसत होते आणि ते माझे आहेत याची खात्री वाटत नव्हती. आईच्या घरी तापात पडल्यावर खोली अशी लांब लांब जायची.

"जाऊबाई, जाग्या आहात?"

"मघाशीच. बघतेय."

"काय?"

"काय कोण जाणे. छान आहे पण." त्यांनी हात वर करून हिरव्या उजेडात बोटं हलवली. "आत्ता सगळ्यांनाच माझ्यासारखं दिसत असेल, नाही?"

अशा उजेडात बोललेलं खरं धरत नाहीत असं मला वाटलं असणार, नाहीतर माझं धाडस झालं नसतं.

"रेडिओनं तुमचं नाव सांगितलं नव्हतं," मी म्हटलं. "सुपरवायझरला."

"मग कुणी?"

"मी."

थेंब पडला. खूप वेळानं दुसरा. तिथं मी थांबायला हवं होतं. पण गुन्हा कबूल करणाऱ्या माणसाला आपली जरा चांगली बाजूही दाखवावीशी वाटते. मी घाईघाईनं म्हटलं, "पण त्याआधी चार महिने मी सांभाळून घेतलं होतं. सुट्टीत तुमच्या टिपा उसवून परत घालत होते. कुणाला कळू दिलं नाही. तुम्हालासुद्धा नाही."

जाऊबाई उठून बसल्या. त्यांनी चाचपत बूट शोधले, डावा उजव्यात घातला, काढला, परत घातला. मी हात पुढं केला तो त्यांनी बाजूला सारला. चेन उघडली आणि सगळं धुकं आत आलं.

"कुठं निघालात? काही दिसत नाहीये बाहेर."

"मला रोजच दिसत नाही," त्या म्हणाल्या आणि गेल्या. चार पावलांवर पाठ होती. पाचव्या पावलावर नव्हती.

मी दारातच गुडघ्यांवर बसले. मागं जावं तर कुठल्या तोंडानं? नाही जावं तर खाली ओढा. धुक्यात कुठंतरी रेडिओ चहा ठेवत होती, भांडं वाजत होतं, आणि ती कुणाला तरी शेजारणीच्या गळक्या नळाची गोष्ट सांगत होती. नळ, नळवाला, नळवाल्याचा मेहुणा. तो आवाज हवेत दोरी बांधल्यासारखा सरळ येत होता. मला गवतावर जाऊबाईंची पावलं ऐकू आली. थांबत, अंदाज घेत, त्या दोरीला धरून जाणारी.

आणि मेहुण्याच्या मधोमध रेडिओ बंद पडली.

एवढी शांतता मी त्या माणसाच्या आसपास कधी ऐकली नव्हती. मला ओढा ऐकू आला, पानांवरचं पाणी ऐकू आलं, मास्तरांचं घोरणं ऐकू आलं. त्या सगळ्याखाली एक बारीक आवाज बोलत होता. शब्द काही पोचत नव्हते. मी तशीच बसून राहिले. गुडघे ओले झाले. धुक्यात वेळ कळत नाही. मला वाटलं बुधवार उजाडून गेला, जाऊबाई गेल्या, आणि मी इथंच राहिलेय, माणसं तंबूत झोपायला येतात आणि जातात.

मग दोन आकृत्या आल्या. रेडिओनं जाऊबाईंचं कोपर धरलं होतं. मी उभी राहायच्या आत ती माझ्यावर कडाडली.

"दीड वर्ष! अगं, मला वाटलं माझ्या तोंडाला वास येतो म्हणून ह्या तोंड फिरवतात! दोन दाढा काढून घेतल्या मी!"

"किडलेल्या होत्या ना पण?" जाऊबाईंनी विचारलं.

"एक होती! एक चांगली होती!" रेडिओला रडू येत होतं आणि हसूही, तिनं नाक पुसलं, माझ्याकडे असं पाहिलं की तो हिशेब नंतर होणार हे मला कळलं, आणि ती "चहा उतू जाईल" म्हणत परत विरघळून गेली.

जाऊबाई दारात माझ्याशेजारी बसल्या. मधे एक माणूस बसेल एवढी जागा ठेवून.

"माझं चुकलं," मी म्हटलं.

"सांगितलंस ते ठीक केलंस. गळका तंबू बाहेर जाऊन चालत नाही. मी असते तर मीही सांगितलं असतं." त्या समोर बघत होत्या. समोर काहीच नव्हतं. "भलतीवर आळ घेतला, ते माझं मी तिच्यापाशी फेडीन. पण ते चार महिने गं. रोज संध्याकाळी मी पोरीला फोनवर सांगायचे, डोळे गेले तर जाऊ देत, हात शाबूत आहे. कुणी एक तंबू परत पाठवला नाही, म्हणायचे. हाताला स्वतःचं दिसतं, म्हणायचे." त्यांनी मांडीवरचे हात उलटे केले. "तिनं ते चार मैत्रिणींना सांगितलं असेल."

मी दीड वर्ष चुकीच्या गोष्टीसाठी कुढत होते तर. जी मला माझी चांगली बाजू वाटत होती, नेमकी तीच त्यांना लागली होती.

"सगळ्या आठवतात तुला?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"ज्या उसवल्यास त्या."

"आठवतात." खरंच आठवत होत्या. दुसऱ्याची टीप उसवताना ती हाताला पाठ होते.

"मग सांग. गोड करून नको."

"आत्ता?"

"बुधवारी मी जातेय. मग कधी सांगणार?"

मी सांगायला लागले. पहिली, पिवळ्या तंबूची मागची बाजू. कोपऱ्यापर्यंत सरळ होती, मग हळूहळू कडेला सरकली, डुलकी लागल्यासारखी. जाऊबाईंनी मान हलवली. दुसरी, खिशाची; खिसा तिन्ही बाजूंनी शिवला होता आणि चौथ्याही. "हात कुठून घालायचा त्यात?" त्या म्हणाल्या. "तेच तर," मी म्हटलं. तिसऱ्या तंबूत टीप गेली आणि तिच्यावरूनच परत आली, काहीतरी विसरलं होतं म्हणून घरी परतावं तशी. मी एकेक सांगत गेले आणि धुक्यात ते तंबू एकेक करून उभे राहत गेले, पिवळे, राखाडी, पायाशी वाकडे. जाऊबाई प्रत्येकाकडे बघत होत्या, अगदी मधोमध.

"सगळ्यात वाईट कुठली?"

"निळ्याच्या दाराची. कापड संपलं होतं आणि तुम्ही शिवतच होतात. शेवटची चार बोटं टीप कापडावर नव्हतीच. नुसता दोऱ्यात दोरा. हवेत."

"हवेत."

"हो."

पलीकडे रेडिओनं कप मांडायला घेतले होते.

"सरळ होती का?"

"कुठली?"

"हवेतली. सरळ होती का गं ती?"

मी डोळे मिटून ती टीप हातात घेतली. त्या दुपारी मी ती कात्रीनं कापण्याआधी उजेडात धरली होती, ते मला आठवलं.

"सरळ होती," मी म्हटलं. "एकसारखी. एक टाका इकडचा तिकडे नव्हता."

"खोटं बोलत नाहीस ना?"

"नाही. आता नाही."

जाऊबाई मधल्या रिकाम्या जागेत जरा सरकून बसल्या. सगळी नाही, अर्धी.

"हं," त्या म्हणाल्या. "पुढची सांग."